परसात चाप लावण्याआधी

भात कापून शेते मोकळी झाली की तिथले उंदीर आणि घुशी वस्तीकडे सरकतात, आणि आमच्या कोकणात त्यांना पहिला आसरा मिळतो तो परसाच्या गडग्यात, म्हणजे जांभ्या दगडांच्या कुंपणाच्या भिंतीत. गेल्या कार्तिकात त्यांनी आमच्या वाफ्यातले सुरण आणि कणगीचे कंद निम्म्याहून अधिक पोखरले, तेव्हा मी बाजारातून उंदीर मारायचे सहा लाकडी चाप आणून त्याच संध्याकाळी लावले आणि एकच गोष्ट न केल्यामुळे पुढचे पंधरा दिवस स्वतःसह घरातल्या सर्वांचे जगणे नकोसे करून ठेवले. यंदा पुन्हा चाप लावायचे आहेत, म्हणून ही तयारी आधीच लिहून ठेवते आहे.

ती गोष्ट म्हणजे तार. चाप तारेने खुंटीला बांधलेला असला पाहिजे. गेल्या वर्षी पहाटे पाहिले तर पाच चाप जागेवर होते, सहावा नव्हता. त्याच्या जागेपासून गडग्यापर्यंत धुळीत लाकडी फळी ओढत नेल्याची रेघ उमटली होती, मध्ये दोन ठिकाणी रक्ताचे काळसर ठिपके होते आणि दगडांच्या फटीत करड्या राठ केसांचा झुबका अडकला होता. चापाची कमान, म्हणजे झटक्याने आदळणारी लोखंडी दांडी, मानेवर न पडता मागच्या पायावर पडली असावी, आणि मोठी घूस चांगली अर्धा किलोच्या वर भरत असल्याने तिने चापासकट बीळ गाठले. चौथ्या दिवशी न्हाणीघरामागे वास सुटला. आठव्या दिवशी आईने तिकडची खिडकी कायमची लावून घेतली. शेवटी गवंडी लावून दोन हात गडगा उकलावा लागला, तेव्हा चाप सापडला. जनावर किती काळ तडफडले असेल हा विचार अजूनही सुखाचा नाही.

म्हणून खरेदीची सुरुवात चापापासून न करता तारेपासून करावी. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी बारीक तार हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते. अर्धा किलो पुष्कळ होते. सुतळी चालणार नाही, नायलॉनची दोरीही चालणार नाही, कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी कुरतडणे हा त्याचा रोजचा धंदा आहे. अडकलेल्या उंदराने नाही तोडली तर दुसरा तोडेल. चापाच्या फळीला, कमान जिकडे आदळते त्याच्या विरुद्ध टोकाला, गिरमिटाने एक भोक पाडून तार त्यातून ओवावी आणि पक्कडीने पीळ घालावा. दुसरे टोक 8 मिलिमीटर जाडीच्या सळईच्या हातभर तुकड्याला बांधून तो तुकडा जमिनीत ठोकावा. जांभ्यात सळई सरळ जात नाही, आधी पहारीने भोक घ्यावे लागते, आणि हे काम दिवसाउजेडी करून ठेवायचे आहे, रात्री बॅटरी तोंडात धरून नव्हे. तारेची मोकळी लांबी वीतभरच असावी. लांब ठेवली तर घूस बिळाच्या तोंडात शिरून बसते आणि मग तार असूनही हात आत घालण्याची वेळ येते, जी कधीच येऊ द्यायची नाही, कारण उंदरांच्या बिळात धामण असते तसा नागही असतो.

चाप मोठे घ्यावेत. स्वयंपाकघरातल्या चिचुंद्रीएवढ्या उंदरासाठी असलेला छोटा चाप घुशीच्या नाकावर टिचकी मारल्यासारखा वाजतो आणि तिला कायमची शहाणी करून सोडतो. संख्याही जास्त हवी. मी यंदा बारा आणले आहेत. पहिल्या एकदोन रात्रीत जे सापडतात तेवढेच सहज सापडतात, नंतर उरलेले चापाला वळसा घालून जाऊ लागतात, त्यामुळे रोज दोन चाप लावत बसण्यापेक्षा सगळे एकाच रात्री लावलेले बरे. गोंदाचे चिकट पुठ्ठे आणू नयेत. त्यावर पाली, सरडे आणि चिमण्याच अधिक चिकटतात आणि जे चिकटते ते तासन् तास मरत राहते.

लावण्यापूर्वी निदान तीन दिवस परस नीट पाहावे. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर ते काम घुशीचे. भिंतीच्या कडेने गवत दबून हाताच्या पंजाएवढी वाट तयार झालेली असते, तीच चापाची जागा. उंदीर उघड्यावरून जाण्यापेक्षा अंग भिंतीला घासत जाणे पसंत करतो. मात्र झाडाखाली कोवळी शहाळी देठाजवळ भोक पडून गळत असतील तर तो गुन्हेगार वेगळा आहे. तो काळा, लांब शेपटीचा उंदीर माडाच्या शेंड्यातच राहतो, एका माडाच्या झावळीवरून दुसऱ्यावर जातो आणि जमिनीवरच्या चापाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यासाठी खोडाला सुमारे 2 मीटर उंचीवर गुळगुळीत पत्रा गुंडाळतात, पण शेजारच्या माडाच्या झावळ्या चिकटलेल्या असतील तर पत्र्याचाही उपयोग नाही. त्या भानगडीत मी यंदा पडणार नाही.

खाण्याचे इतर पदार्थ आवरावेत: कोंबड्यांचे दाणे, गुरांची पेंड, पडलेले नारळ, उष्टे-खरकटे. हे सांगायला नकोच.

आमिषाला भाजलेल्या सुक्या खोबऱ्यासारखे दुसरे काही नाही. निखाऱ्यावर कड करपेपर्यंत भाजावे, म्हणजे वास लांब जातो. घुशीसाठी सुका बोंबीलही चांगला, पण त्याने शेजारची मांजरे येतात. तुकडा वाटाण्याएवढाच घ्यावा आणि दोऱ्याने चापाच्या पट्टीला करकचून बांधावा, नाहीतर उंदीर तो अलगद उचलून नेतो आणि सकाळी आपण रिकाम्या, ताणलेल्या चापाकडे पाहत बसतो. मुंग्या असतील तर आमिष संध्याकाळी उशिरा लावावे.

आता धीराची गोष्ट. उंदराला नव्या वस्तूचा फार संशय असतो. काल नव्हती ती फळी आज वाटेत दिसली तर तो काही दिवस तिच्याजवळही फिरकत नाही. यासाठी चार-पाच रात्री चाप आमिषासह, पण कमान न ओढता, ठेवून द्यावेत आणि खोबरे रोज सकाळी संपलेले दिसू लागले की मगच ओढावेत. मला हे चार दिवस जड जातात, पण इथे घाई केली तर पुढचा महिना वाया जातो. आणि कमान ओढलेली नसली तरी तार या चार दिवसांतही बांधलेलीच हवी, कारण खोबरे बांधलेली हलकी फळी घूस खेळण्यासारखी ओढून नेते. कमान नंतर, तार आधी.

चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा, म्हणजे दोन्ही दिशांनी येणारा उंदीर पट्टीवरच येतो. उघडा मात्र ठेवू नये. परसात खारी असतात, भारद्वाज असतो, आणि मुंगूस तर उंदरांच्याच मागावर फिरत असते. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे, आणि कायदा नसता तरी उंदीर खाणाऱ्याला आपणच मारणे हा मूर्खपणा झाला असता. गडग्याला तिरकी टेकवलेली दोन मंगळुरी कौले पुरतात. आत कमान पूर्ण फिरेल इतकी, म्हणजे वीतभर, उंची राहते ना हे काडीने चाप उडवून एकदा पाहावे. बोटाने पाहू नये. दोन्ही तोंडांशी दगड लावून एक मूठ जाईल एवढीच फट ठेवावी. मांजर पाळणाऱ्या शेजारच्या काकींना आदल्या दिवशी सांगून यावे. लहान मुले सुट्टीत आली असतील तर ती परत जाईपर्यंत थांबावे.

विषाचा मोह होतो, कारण ते सोपे दिसते. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करते आणि त्यावर उतारा नाही. घरात मूल किंवा कुत्रे असताना ती काळी पूड मी उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत, पण उंदीर मरायला काही दिवस लागतात, तेवढ्यात तो सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबड उचलते आणि विष घुबडाच्या पोटात जाते. शिवाय विष खाल्लेला उंदीर मरायला कुठे जाईल हे आपल्या हातात नसते, तो गडग्यातच जाईल, आणि विष खाल्लेल्या उंदराला तार बांधता येत नाही.

रबरी हातमोजे आणि गमबूट हवेत. माणसाचा वास लागू नये म्हणून मोजे घाला असे सांगणारे बरेच भेटतात. त्या वासाची मला फारशी फिकीर नाही. मोजे आहेत ते लेप्टोसाठी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी. उंदराच्या लघवीतले ते जंतू ओल्या मातीत टिकतात आणि हातापायाच्या जखमेतून शिरतात, आणि वाफ्यात काम करणाऱ्याच्या हाताला जखम नसते असे होत नाही.

खड्डाही आधीच खणून ठेवावा, दोन फूट, विहिरीपासून लांब. उथळ असला तर कुत्री उकरतात, आणि जांभ्यात दोन फूट खणायला अर्धा दिवस जातो.

लावण्याच्या दिवशी उजेड असताना बाराही ठिकाणी जाऊन तार ओढून पाहावी. जोरात. सळई हलली तर पुन्हा ठोकावी. मग कमानी ओढाव्यात.

सकाळी उजाडताच फेरी. जिवंत असेल तर काठीने एका घावात संपवावे, पाहत उभे राहू नये. खड्डा, माती, वर दगड. चाप ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात. पुन्हा आमिष. तीन रात्री काही सापडले नाही तर जागा बदलावी किंवा आठवडाभर थांबावे. चाप उचलून ठेवताना कमान आधी मोकळी करावी, आणि तार सळईवरून सोडायची ती सर्वांत शेवटी.