शॉप फ्लोअरवर नवीन पोरं आली की पहिले काही महिने त्यांना कसं सांभाळायचं

मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे, सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ) आणि व्हीएमसी (तसंच मिलिंगचं मशीन) दोन्ही बघतो. आयटीआयचा निकाल लागला की आमच्याकडे नवीन बॅच येते, बीड, लातूर, परभणीकडची पोरं, वय अठरा ते वीस, चौघं मिळून कॉट बेसिसवर राहणार, मेसचा डबा खाणार. आणि बॅच आली की टपरीवर आपलं सगळ्यांचं तेच सुरू होतं, आजकालच्या पोरांना काम नको, मोबाईल पाहिजे. मी पण हेच बोलायचो, खूप वर्षं बोललो, आता बंद केलंय. का ते पुढे सांगतो.

आधी एक, कोणालाही 'कोरोना बॅच' म्हणू नका, गमतीत पण नाही. २०२१ ला महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, आयटीआयची वर्कशॉप पण लॉकडाऊनमध्ये बंद होती, यात पोरांनी काय केलं होतं? हात बसलेला नसेल तर तो बसवायचं काम आपलंय. पहिल्याच आठवड्यात एक जॉब, म्हणजे मशीनवर केलेला पार्ट, घ्या, चार पोरांना एकाच व्हर्नियरने (माप घ्यायचं सरकतं साधन) मोजायला लावा आणि प्रत्येकाने आकडा गुपचूप कागदावर लिहायचा. चौघांचे आकडे वेगळे येतात. मग झिरो एरर (मिटल्यावर शून्य येतं का) कसा बघायचा, व्हर्नियरचे जॉ किती दाबायचे, आकडा डोळ्यासमोर सरळ धरून का वाचायचा हे तिथेच दाखवा. ०.०२ मिमीचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो, पण तो हाताला कळायला ही अर्ध्या तासाची गोष्ट लागते.

आता मेन गोष्ट. ही पोरं 'का' विचारतात. आपण त्यांच्या वयात विचारत नव्हतो, उस्तादाने सांगितलं की करायचं, म्हणून आपल्याला ते उलट उत्तर वाटतं. तसं नसतं हो. त्याला खरंच कारण पाहिजे असतं, आणि कारण कळलं की तुम्ही नसताना सुद्धा तो नियम पाळतो. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नको एवढंच सांगितलं तर त्याला ते उलटंच वाटणार, कारण सेफ्टी म्हणजे हातमोजे असंच त्याने ऐकलेलं असतं. त्याला सांगा की फिरत्या ड्रिलला मोज्याचा धागा जरी अडकला तरी हात आत ओढला जातो, बोट सोडवायला वेळच मिळत नाही. कडं, धागा, हुडीची दोरी, सगळ्याला हेच कारण. किंवा गरम जॉब लगेच मोजू नको म्हणता ना, मग हिशोब करून दाखवा, १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब खोलीपेक्षा १५ अंश गरम असेल तर साधारण ०.०३५ मिमी मोठा दिसतो, आणि आपल्या ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरकच, ०.०३ चा आहे. माझ्या एका पोराने हे ऐकल्यावर स्वतःहून जॉब गार करायला मशीनशेजारी ट्रे ठेवला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उत्तर येत नसेल तर 'उद्या विचारून सांगतो' म्हणा आणि उद्या नक्की सांगा, विसरलात तर तो परत विचारणार नाही.

पण हे सगळं मला एका चुकीतून कळलं आणि ती चूक माझी होती. मागे एका ट्रेनीला लेथवर ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, ०.०३ मिमीने कमी करायचा होता. वेअर ऑफसेटमध्ये (टूल झिजला की माप दुरुस्त करायला मशीनमध्ये टाकतात तो आकडा) आधीच -०.१२ होतं, म्हणजे ते -०.१५ व्हायला पाहिजे. त्याने प्लस इनपुट (जुन्या आकड्यात मिळवायचं बटण) दाबायच्या ऐवजी नुसतं इनपुट दाबलं, जुना आकडा पुसला गेला आणि तिथे -०.०३ बसलं. अकरा पीस ०.१२ ने मोठे निघाले. आणि त्याने ते कोणाला न सांगता स्क्रॅपच्या डब्यात खाली दाबून टाकले. आता बघा, ओडी मोठा होता, लहान नाही, एक कट अजून मारला असता तर अकराच्या अकरा पीस वाचले असते, पण डब्यात आपटून सगळ्यांना डेंट पडले. त्याने का लपवले तर आदल्या आठवड्यात मी दुसऱ्या एका पोराला सगळ्या लाइनसमोर झापलं होतं, आणि हा तिथे उभा होता. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून पहिल्या दिवशीच सांगतो, चूक झाली की मशीनची सायकल थांबव, पीसवर मार्करने खूण कर, मला हाक मार, मी ओरडणार नाही. आणि पहिल्यांदा जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, त्या दिवशी कितीही रिजेक्शन असलं तरी. समजवायचं ते बाजूला नेऊन, एकट्याला, आणि त्याच शिफ्टमध्ये. महिन्याने रिव्ह्यूत काढू नका.

मोबाईलचं म्हणाल तर मशीनजवळ नाही म्हणजे नाही, पण मग तो नियम सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) पण आणि तुम्हाला पण. ते बरोबर बघत असतात.

जोडीला कोणाला द्यायचं हे नीट बघा. सगळ्यात हुशार सेटर नको, ज्याला दोनदा तेच सांगायला कंटाळा येत नाही असा माणूस द्या. आमच्याकडे एक काका आहेत, पोरं त्यांना मामा म्हणतात, त्यांच्या हाताखालची पोरं टिकतात.

शेवटी 'सर, परमनंट करणार का?' हे प्रत्येक जण विचारणार, घरून रोज फोनवर तेच विचारतात त्याला. 'बघू' म्हणू नका. अप्रेंटिस असेल तर स्पष्ट सांगा की १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तो ट्रेनी आहे, कामगार नाही, नंतरची नोकरी कंपनीच्या पॉलिसीवर आहे आणि मागच्या बॅचमधले किती घेतले तो खरा आकडा द्या. त्याच कायद्यात अप्रेंटिसला सरकारच्या अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही, तेव्हा माणूस कमी पडला म्हणून त्याला थांबवून घेऊ नका. आणि अप्रेंटिसशिपच्या परीक्षेचा फॉर्म भरला का हे तारखेच्या आधी दोनदा विचारा, ते सर्टिफिकेट त्याला दुसऱ्या कंपनीत पण कामाला येतं.