आईंना घरी आणण्याआधी : कमी पैशांत डायपरची सोय

डिस्चार्जची तारीख कळली की धावपळ सुरू होते ती गोळ्यांची, पलंगाची आणि रजेची. डायपर आठवतो घरी पोचल्यावर, रात्री दहा-अकराला, आणि मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जे असेल ते, तो सांगेल त्या भावात घ्यावं लागतं. आमचं तेच झालं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. अकरा दिवस दवाखान्यात काढून त्यांना डोंबिवलीच्या घरी आणलं. पहिल्या महिन्यात दिवसाला चार डायपर, नगाला ४० रुपये, म्हणजे ४८०० रुपये नुसत्या डायपरवर गेले. एका पगारावर चालणाऱ्या घरात हा आकडा छातीत धडकी भरवतो. तिसऱ्या महिन्यात हाच खर्च १८०० वर आला, आणि आई आधीपेक्षा जास्त कोरड्या राहू लागल्या. काही फार स्वस्त पाकीट हाती लागलं म्हणून नव्हे, तर डायपर कधी लागतो आणि कधी लागत नाही हे आम्हाला कळलं म्हणून. ज्यांच्या घरी असं माणूस येणार आहे त्यांनी आधीपासून काय काय करून ठेवावं, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम दवाखान्यातच उरकायचं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की लघवीवर ताबा का नाही आणि तो परत येईल का. ‘वय झालंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, वाढलेली साखर, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, यांतलं काही असेल तर त्याला उपचार आहेत. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर ती सकाळी दिली तर चालेल का, हेही विचारा. आईंची गोळी संध्याकाळी होती. डॉक्टरांनी ती सकाळवर आणली आणि रात्रीचा दुसरा डायपर बंद झाला. एका प्रश्नाने महिन्याचे हजार-बाराशे वाचले. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेली असेल तर ती कधी काढणार आणि काढल्यावर ताबा यायला किती दिवस वाट पाहायची, तेही लिहून घ्या.

वॉर्डातल्या मावशी डायपर बदलतात तेव्हा बाहेर जाऊन उभे राहू नका. कुशीवर कसं वळवायचं, अर्धा डायपर अंगाखाली कसा सारायचा, मांडीजवळची झालर बाहेर कशी काढायची, हे दोन-तीनदा बघा आणि एकदा त्यांच्यासमोर स्वतः करा. झालर आत दुमडून राहिली की नवाकोरा डायपरही गळतो आणि तासाभरात फेकावा लागतो. आमचे पहिल्या आठवड्यातले निम्मे डायपर असेच वाया गेले. अजून एक, मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. विमा नियामकाने न मिळणाऱ्या खर्चांची यादी केलेली आहे आणि तीत कुठल्याही प्रकारचा डायपर आहे. दवाखान्याच्या बिलात लागलेला डायपर सहसा तुमच्याच खिशातून जातो. बाहेरून आणून दिलेला चालेल का, हे सिस्टरना पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मग शिंप्याची टेप घ्या. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, जो आकडा मोठा असेल तो धरा. झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवताना टेप अंगाखालून घालता येते. आमच्याकडे सगळे म्हणाले, लार्ज आणा, सैल बरा. मी लार्जची चार पाकिटं एकदम आणली. आईंचं माप ३४ इंच. मांडीच्या दोन्ही बाजूंनी लघवी बाहेर, चादर ओली, पाठ ओली. मीडियम आणल्यावर गळती थांबली आणि नगामागे चार रुपये कमी पडले, कारण मोठ्या मापाला पैसेही जास्त लागतात. प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं असतं. पाकिटावर छापलेले इंच वाचा, अक्षरावर जाऊ नका.

प्रकार दोन. चिकटपट्टीचा म्हणजे टेपवाला आणि चड्डीसारखा म्हणजे पँटवाला. झोपून असलेल्या माणसाला टेपवालाच घ्या. तो स्वस्त पडतो, पाय उचलावे लागत नाहीत आणि उघडून बघून कोरडा असेल तर परत लावता येतो. पँटवाला चालत्या-फिरत्या माणसासाठी ठीक. बऱ्याच डायपरवर मधोमध एक रेघ असते, ओली झाली की तिचा रंग बदलतो. ही रेघ असलेलाच निवडा, म्हणजे अंदाजाने कोरडा डायपर काढून फेकला जात नाही आणि ओला तासन् तास राहतही नाही.

आता वहीबद्दल. सगळ्यात जास्त पैसे हिने वाचवले. घरी आणल्यावर पहिले तीन दिवस एका वहीत वेळ लिहायची. पाणी कधी, चहा कधी, लघवी कधी झाली, किती झाली, शौच कधी. आईंची वही भरली तेव्हा दिसलं की सकाळच्या चहानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी लघवी ठरलेली, जेवणानंतर तासाभराने परत, आणि शौच सकाळी सात ते आठच्या मध्ये. म्हणजे दिवसाच्या चारपैकी तीन वेळा आम्हाला आधी ठाऊक होत्या. त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी भांडं दिलं की डायपर लागतच नव्हता. दोन-अडीच तासांनी विचारत राहायचं, ‘आई, भांडं देऊ का?’ सुरुवातीला त्यांना कळायचं नाही, त्या नको म्हणायच्या आणि पाच मिनिटांनी व्हायचं. पंधरा दिवसांत त्या स्वतः डाव्या हाताने पलंगाची दांडी वाजवायला लागल्या.

त्यामुळे डायपरच्या आधी भांड्याची सोय करा. पुरुषांसाठी युरिन पॉट, बायकांसाठी बेडपॅन, आणि बसवता येत असेल तर कमोड खुर्ची. खुर्ची विकत घेण्याची घाई करू नका. महाराष्ट्रात गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, कुठे सेवाभावी संस्था चालवते, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे गणेश मंडळ. अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्याने कमोड खुर्ची, वॉकर, हवेची गादी, पलंगसुद्धा मिळतो. घरातलं माणूस ६५ वर्षांचं किंवा मोठं असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३००० रुपये थेट खात्यात मिळतात. कमोड खुर्ची त्या योजनेतल्या साधनांमध्ये आहे. अर्ज समाजकल्याण खात्याकडे करायचा, आधार आणि पासबुक लागतं. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तिथे विचारा.

दिवसासाठी दुसरी सोय कापडाची. लहान बाळांना वापरतात ती ड्राय शीट मोठ्या मापातही मिळते. दोन घ्या, एक अंगाखाली आणि एक दोरीवर. तिच्याखाली रबरी शीट, ज्याला दवाखान्यात मॅकिंटॉश म्हणतात. वर जुन्या सुती पातळाच्या चौपदरी घड्या. आईंचीच दोन जुनी पातळं फाडली. आधी मला वाईट वाटत होतं, त्याच म्हणाल्या, ‘फाड गं, अंगाला मऊ लागतील.’ एका पातळाच्या आठ घड्या झाल्या. ड्राय शीटला इस्त्री करू नका आणि कपडे मऊ करायचं द्रावण घालू नका, शोषायची बंद होते. एक काम मात्र करू नका, डायपर जास्त वेळ टिकावा म्हणून त्याच्या आत कापडाची घडी घालू नका. मी घालून बघितली. डायपर लघवी आत ओढून घेतो, कापड मात्र ओलंच राहून कातडीला चिकटतं. दोन दिवसांत जांघा लालभडक झाल्या.

इथे एक मनापासून सांगायचंय. कापडं कोणीतरी धुतं. पाणी, साबण, वेळ आणि कंबर, सगळं त्यात जातं. घरात एकच बाई असेल, ती नोकरी करत असेल किंवा तिची पाठ दुखत असेल, तर कापडाचा हट्ट धरू नका. तिची पाठ धरली तर चारशे-पाचशेचे डायपर स्वस्तच म्हणायचे. आम्ही डायपर ठेवला रात्रीचा एक, शिवाय पाहुणे आले, दवाखान्यात जायचं असलं, पोट बिघडलं तर. महिन्याला साधारण ५० नग, ३६ रुपयांनी १८०० रुपये.

खरेदी कशी करावी? माप कळल्यावरही मोठं पाकीट लगेच घेऊ नका. दोन-तीन कंपन्यांचं सगळ्यात लहान पाकीट घ्या. काही सर्जिकल दुकानांत सुटा नगही देतात, लाजू नका, मागा. प्रत्येक डायपर रात्रीच लावून बघा, कारण खरी परीक्षा रात्रीचीच. सकाळी चादर कोरडी आणि कातडी ठीक असेल तो आपला. महागच टिकतो असं काही नाही, आमच्याकडे तिघांतला मधल्या किमतीचा या परीक्षेत उतरला. मग भाव काढायचा तो पाकिटाचा नाही, नगाचा. पाकिटात कधी दहा नग असतात, कधी नऊ. मी पाकिटावरच पेनाने नगाची किंमत लिहून ठेवते.

जवळचं जनऔषधी केंद्र आधी गाठा. तिथे ‘स्वाभिमान’ नावाने मोठ्यांचे डायपर असतात. प्रत्येक केंद्रात प्रत्येक माप असतंच असं नाही, म्हणून फोन करून जा. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतात. मुंबईत असाल तर शामलदास गांधी मार्ग, म्हणजे आपली प्रिन्सेस स्ट्रीट, औषधं आणि सर्जिकल सामानाची जुनी घाऊक पेठ. दोन-तीन घरांनी मिळून पेटी घेतली तर भाव बरा मिळतो. लोकलने जाऊन-येऊन, पेटी उचलून किती वाचले याचा हिशेब करा, एका घरासाठी दोन पाकिटं आणायला तिथे जाण्यात अर्थ नाही. ऑनलाइन भाव पडतो तेव्हा जरूर घ्या, पण माप पक्कं झाल्यावरच, कारण उघडलेलं पाकीट परत घेत नाहीत. आणि छापील किमतीची तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीचा माल कोणी पुढे करत असेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पंधरा-वीस दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका. माणूस बरं होतं, बारीक होतं, गरज बदलते. मागायलाही संकोच करू नका. ज्या घरात असं आजारपण होऊन गेलं त्या घरात कपाटावर न उघडलेली पाकिटं पडलेली असतात, आणि ती टाकवत नाहीत. माझ्या चार लार्जच्या पाकिटांतली तीन तशीच होती. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी गेले होते. त्यांच्याकडे मीडियमची पाच पाकिटं होती, काकांचं अंग शेवटी पार उतरलं होतं. पिशवी माझ्या हातात देऊन त्या आईंच्या उशाशी बराच वेळ बसल्या. आमची लार्जची पाकिटं पलीकडच्या इमारतीत गेली.

काटकसर कुठे करायची नाही, तेही आधीच ठरवून ठेवा. शौच झालं की डायपर लगेच बदलायचा, मग तो दहा मिनिटांपूर्वी लावलेला असला तरी. कोमट पाण्याने पुढून मागे पुसायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. थोडा वेळ उघडं ठेवायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं. पावडर नको, तिचे ओले गोळे होऊन जांघेत बसतात. दोन-दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाडावर लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती पांढुरकी होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाठीला जखम झाली की तिच्या ड्रेसिंगवर जो पैसा आणि जो त्रास जातो, त्यापुढे डायपर काहीच नाही.

आणि पाणी. दुसऱ्या महिन्यात आईंची लघवी गडद पिवळी आणि वासाची व्हायला लागली. मी तांब्या भरून ठेवायचे, तो संध्याकाळी तसाच. विचारलं तर म्हणाल्या, ‘कमी प्यायले की तुझे पॅम्पर कमी लागतात ना.’ मी ४८०० चा आकडा ह्यांना सांगत होते तेव्हा त्या जाग्या होत्या. पुढे संसर्ग झाला, ताप आला, औषधांना दोन महिन्यांच्या डायपरांइतके पैसे लागले. तेव्हापासून डायपरच्या खर्चाबद्दल त्यांच्या खोलीत बोलायचं नाही, हे आम्ही पाळतो. डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर तेवढं, नाहीतर दिवसभर घोट-घोट पाजत राहा. संध्याकाळनंतर थोडं कमी केलं तर चालतं, बंद नाही.

वापरलेल्या डायपरसाठी रद्दी साठवून ठेवा. मैला संडासात झटकून टाकायचा, डायपर गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीने बंद करायचा, वर्तमानपत्रात बांधायचा आणि त्यावर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत आणली. कचरा उचलणाऱ्या ताईंना पुडकं उघडावं लागत नाही. संडासात डायपर कधीच टाकू नका, आतली जेल फुगून संडासाचा पाइप तुंबतो.

राहिली दवाखान्याच्या फेरीची पिशवी. ती दाराला टांगूनच ठेवा. दोन डायपर, एक रबरी शीट, दोन घड्या, ओल्या कपड्यांसाठी पिशवी, रद्दी, पाण्याची बाटली, मलम, एक जास्तीचा गाऊन आणि ती वही. डॉक्टर विचारतात, ‘दिवसातून किती वेळा होते?’, तेव्हा वही उघडून दाखवायची. आमच्या वहीचं आता चौथं पान चालू आहे, आणि दुपारच्या रकान्यात गेले नऊ दिवस ‘भांडं’ एवढंच लिहिलेलं आहे.