हिंदीतून मराठी करताना: ओळखीच्या शब्दांच्या या चुका टाळा

अनोळखी शब्द आला की आपण कोश उघडतो. ओळखीचा आला की बिनधास्त पुढे जातो, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. हिंदीवरून केलेला मराठी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या घोटाळ्यांशी माझी जुनी दोस्ती.

एका शाळेचं पत्रक आलं होतं. मूळ हिंदी: 'हम हर बच्चे को अच्छी शिक्षा देने की चेष्टा करते हैं.' मराठीत झालं: 'आम्ही प्रत्येक मुलाला चांगली शिक्षा देण्याची चेष्टा करतो.' व्याकरण चोख, आणि पालक मात्र हादरलेले! हवं होतं 'चांगलं शिक्षण देण्याचा प्रयत्न करतो'. ही चूक तीन जणांच्या नजरेतून सुटली, कारण क्रियापदंही तीच आहेत. शिक्षा देना, शिक्षा देणे. चेष्टा करना, चेष्टा करणे. वाक्य कुठे अडखळतच नाही. उलट भाषांतर करून पाहिलं तरी उपयोग नाही, तोच शब्द जातो आणि तोच परत येतो.

खरं तर संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणंच. सहा वेदांगांतली 'शिक्षा' तर उच्चारांचं शास्त्र. मराठीत ती छडीपर्यंत कशी पोचली, हे 'त्याला चांगलाच धडा शिकवला' असं म्हणून बघा, लगेच उमजेल. मात्र 'सर्व शिक्षा अभियान' किंवा 2018 पासूनचं 'समग्र शिक्षा' ही योजनांची नावं आहेत. तिथे लाल पेन चालवू नका.

वेलांटी बघा

माझी एक युक्ती. मराठीत तत्सम शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहितात, हिंदीत तो मूळचा ऱ्हस्व राहतो. म्हणून मराठी मजकुरात 'आपत्ति' असं दिसलं की मी थांबते. शब्द हिंदीतून उचललेला असणार, आणि अर्थही बहुतेक तिकडचाच. 'आम्हाला आपत्ति नाही' म्हणजे 'आमची हरकत नाही'. मराठीत आपत्ती असते पुराची, भूकंपाची. (सामासिक शब्दात पहिलं पद ऱ्हस्वच राहतं, 'भक्तिगीत'सारखं. त्याला हात लावू नका.) 'अवकाश', 'संसार', 'अभिमान' यांना वेलांटीचा आधार नाही. तिथे वाक्यच वाचावं लागतं. हिंदीतला अवकाश म्हणजे रजा आणि संसार म्हणजे जग. हिंदीत अभिमानाला बऱ्याचदा गर्विष्ठपणाचा वास असतो, आपण तो छाती फुगवून सांगतो.

उलट्या दिशेची चूक

मराठी माणूस हिंदीत रजेचा अर्ज लिहितो: 'मेरी प्रकृति ठीक नहीं है.' वाचणाऱ्याला वाटतं, गडी स्वभावानेच वाईट आहे आणि तसं लेखी कबूल करतोय. इथे 'तबीयत' लिहा. गंमत अशी की अरबीतून आलेल्या तबीयतचा मूळ अर्थही प्रकृती, स्वभाव हाच. दोन्ही भाषांनी स्वभावाचा शब्द तब्येतीला लावला, फक्त वेगवेगळ्या दुकानातून आणून.

'बाईंना भेटायचंय' याचं हिंदी 'बाई से मिलना है' करू नका. आपल्याकडे बाई वर्गात शिकवतात, तिकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घरकामाची बाई येते.

'व्यस्त'वर मात्र मी भांडणं सोडलंय. शाळेत व्यस्त प्रमाण शिकलेल्या माझ्या पिढीला 'साहेब व्यस्त आहेत' म्हटलं की साहेब उलटे टांगलेले दिसतात. पण फोनवरची ध्वनिमुद्रित बाई दिवसभर हेच ऐकवते, तर किती जणांना अडवणार? छापायच्या मजकुरात 'कामात आहेत' करते, बोलण्यात कान बंद ठेवते.

हा प्रकार फक्त हिंदीपुरता नाही. मुंबईत आमच्या शेजारी नव्याने राहायला आलेल्या गुजराती बेन एकदा दुपारी दारात उभ्या राहिल्या आणि आईला विचारलं, "नवरां छो?" त्यांना विचारायचं होतं, रिकाम्या आहात का?

आई म्हणाली, "नाही हो, ते ऑफिसला गेलेत. सातला येतील."