क्रोनोग्राफवरचा आकडा आणि उघडलेली रायफल

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या चंदगडातून दहा मीटर एअर रायफल शिकायला येणाऱ्या मुलांपैकी एखाददुसरा असा निघतो की त्याला नेम धरण्यापेक्षा रायफल आतून कशी चालते हे पाहण्यातच अधिक रस वाटतो. मी स्वतः त्यांतलाच असून, आता क्लबातल्या रायफलींची देखभाल माझ्याकडे आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न एकच असतो: कालपर्यंत ठीक असलेला पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या शिशाच्या गोळीचा, वेग आज अचानक वेगळा का दिसतो?

काही देशांत नेमबाज काडतुसे स्वतः भरतात आणि त्यांनाही हाच प्रश्न पडतो. आपल्याकडे दारूगोळा हा १९५९ च्या शस्त्र कायद्याचा विषय आहे, त्यामुळे परवान्याविना त्याच्या वाटेला जाऊ नये. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला मात्र परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण ७.५ ज्यूलची असते.

वेगाला इतके महत्त्व कशासाठी, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटलेला पेलेट लक्ष्यापर्यंत पोचायला सुमारे ०.०५९ सेकंद घेतो आणि तेवढ्यात सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १६५ झाला तर हीच घसरण १८ मिलिमीटर होते. एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण लक्ष्यावरचा दहाचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची, म्हणजे नेम अचूक असूनही चार दशांश गुण हातचे जातात. ६० शॉटच्या फेरीत एवढ्या फरकाने क्रमवारी पार उलटीपालटी होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्यामुळे आमच्या भागातल्या मुलांना पदकाचे स्वप्न जवळचे वाटते; पेलेटचे वजन करण्याचे स्वप्न मात्र कुणालाच पडत नाही.

माझी पहिली मोठी चूक पावसाळ्यातली आहे. बाहेर मुसळधार पाऊस होता म्हणून मी क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारे यंत्र, आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली मांडले. आकडे आले १७१, १४९, १८८, १६६. मी सरळ रायफल उघडली, रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) बाहेर काढला, ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या आणि पुन्हा जोडताना दाबाची मूळ जुळणीही बिघडवून ठेवली. दोन संध्याकाळी अशाच गेल्यावर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदारमामा माझ्याजवळ येऊन बसले. क्षणभर वर ट्यूबकडे पाहून ते म्हणाले, “अरे, ही ट्यूब लुकलुकत असतीय की. साधा पिवळा बल्ब लावून बघ एकदा.” शंभर वॅटचा बल्ब लावताच आकड्यांचे उड्या मारणे थांबले. या यंत्रात एकापुढे एक असे दोन संवेदक असतात. वरून पेलेट गेला की प्रकाश क्षणभर कमी होतो आणि त्या दोन क्षणांमधल्या वेळेवरून यंत्र वेग काढते. संवेदकांत ३० सेंटिमीटर अंतर असेल तर ही वेळ दोन मिलिसेकंदांहूनही कमी भरते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, आणि यंत्राला त्यातलाच एखादा चढउतार पेलेटची सावली वाटतो. नळीचे तोंड पहिल्या संवेदकाच्या फार जवळ असले तर सुटलेल्या हवेच्या झोतानेही अशीच फसगत होते, म्हणून हातभर अंतर ठेवावे.

तेव्हापासून मी पाना हातात घेण्याआधी किमान दहा आकडे वहीत लिहितो आणि ते कोणत्या पद्धतीने बदलतात ते पाहतो. ते सैरभैर असतील तर संशय आधी यंत्रावर, प्रकाशावर आणि बॅटरीवर घ्यावा. शॉटागणिक थोडाथोडा वेग उतरत असेल तर रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली गेला आहे का, ते पाहावे. सिलिंडर घाईने २०० बारपर्यंत भरला तर आतली हवा तापते आणि ती निवल्यावर दाब दाखवणारा काटा खाली येतो. नवशिके त्यालाच गळती समजतात. रायफल पाचदहा मिनिटे तशीच ठेवल्यावर पहिलाच शॉट वेगवान आणि पुढचे नेहमीसारखे येत असतील, तर रेग्युलेटरची बैठक (त्यातली झडप टेकते ती जागा) झिजून दाब आतल्या आत हळूहळू चढतो आहे. हे दुरुस्तीचे खरे काम. त्यासाठी आधी सिलिंडर काढावा, आतली उरलीसुरली हवा पूर्ण सोडावी आणि मगच स्क्रूला हात लावावा, कारण दाबाखालचा भाग सुटला तर तो बोट घेऊन जातो.

आकडे दोन गटांत विभागलेले दिसले तर रायफलला दोष देऊ नये. एकदा एका मुलीच्या वहीत १६८ आणि १७१ असे दोनच आकडे आलटूनपालटून दिसत होते. तिच्या डबीतले पेलेट आम्ही सोनाराच्या काट्यावर एकेक करून तोलले, तेव्हा काही ०.५३ ग्रॅमचे आणि काही ०.५१ ग्रॅमचे निघाले. घरी दोन डब्या एकीत ओतल्या गेल्या होत्या. तेवढ्याच ऊर्जेत हलका पेलेट सेकंदाला तीनेक मीटर जोरात जातो, म्हणजे हिशेब चोख जुळत होता. दुसऱ्या एका मुलाची डबी कोल्हापूरहून तवंदी घाटाच्या रस्त्याने मोटारसायकलच्या डिकीत आदळत आली होती. पेलेटचा मागचा घेर नखाने दबेल इतका पातळ असतो. तो चेपला की हवा बाजूने निसटते आणि वेग पडतो. भिंगाखाली धरल्यावर निम्म्याहून अधिक पेलेटांचा घेर लंबगोल झालेला दिसला. हे सारे शिशाचे काम असल्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नये.

कमाईचे सांगायचे तर केवळ दुरुस्तीवर घर चालत नाही. सकाळी मी मुलांना शिकवतो आणि संध्याकाळी दुरुस्तीच्या बाकावर बसतो. त्या बाकावर आजही तो पिवळा बल्ब आहे आणि नव्या मुलाला मी पहिल्या महिन्यात वहीशिवाय दुसरे काही देत नाही. पाना दुसऱ्या महिन्यात मिळतो.