नोकरी सुटल्यावर पाव्हण्यांकडे निघण्याआधी

एक नोकरी सुटली, दुसरी लागायची आहे आणि मधल्या रिकाम्या दिवसांत लातूरची मावशी, अंबाजोगाईचा मामा, परभणीचा मित्र, नांदेडची आत्या असा फेरा मारून यायचं मनात आहे? या जरूर. नोकरी असते तेव्हा आपण तेराव्यालासुद्धा सकाळी जाऊन संध्याकाळी परत फिरतो. कुणाकडे निवांत दोन रात्री काढायला मिळतात त्या याच काळात. पण बॅगेला हात लावायच्या आधी कागद गोळा करा. कपडे, खाऊ, तिकीट, सगळं त्यानंतर.

कागद म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा (सहा असल्या तर सहा), ऑफर लेटर, शेवटच्या पगारवाढीचं पत्र, फॉर्म १६, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र. यातलं निम्मं कंपनीच्या पोर्टलवर असतं आणि ते पोर्टल शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमच्यासाठी बंद होतं. लॅपटॉप जमा, मेल बंद, कार्ड जमा. म्हणून निरोप समारंभाच्या केकची चर्चा चालू असते त्या आठवड्यातच बसून एकेक फाइल उतरवून स्वतःच्या मेलवर घ्या. रिलीव्हिंग लेटर हिशेब पूर्ण झाल्यावर येतं. ते तुमच्या खासगी मेलवरच येईल हे एचआरकडून मेलवर कबूल करून घ्या, तोंडी नको. स्लिपेच्या पीडीएफला पासवर्ड असतो आणि त्यात बहुतेक वेळा तुमचा एम्प्लॉयी कोड लागतो. नोकरी सुटल्यावर तो नंबर जितक्या लवकर विसरतो तितकं काहीच विसरत नाही. लिहून ठेवा.

आणि हे सगळं फोनच्या मेमरीत पाहिजे. ड्राइव्हवर आहे म्हणजे आहे असं समजू नका. मामाच्या शेतात विहिरीजवळच्या आंब्याखाली एक काडी रेंज येते, तीसुद्धा वाऱ्याच्या मर्जीनं. गेल्या वेळी मला नव्या कंपनीचा फोन तिथंच आला, कागद आज संध्याकाळपर्यंत अपलोड करा म्हणून. गाडी काढून अंबाजोगाई गाठली. झेरॉक्सच्या दुकानात लाइट गेलेली, पोरगा शर्टाच्या टोकानं मशीनची काच पुसत बसलेला, जुन्या पोर्टलवर ‘तुमचं खातं अस्तित्वात नाही’ आणि छापील स्लिपा पुण्याच्या खोलीतल्या कपाटात. खोलीची किल्ली रूममेटकडे आणि रूममेट त्याच्या गावी. ती जागा गेली. तेव्हा फाइली फोनमध्ये, एकाच फोल्डरमध्ये, नावं नीट देऊन, दोन एमबीच्या आत बसवून ठेवा. फोटो नको, पीडीएफ. एक प्रत घरच्या कुणाच्या तरी फोनमध्येही ठेवा. एक छापील संच बॅगेच्या तळाला. जास्त वाटतंय? वाटू द्या.

बाकीचं पैशाचं थोडक्यात. कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंतच असतो, म्हणजे फिरायला निघता तेव्हा तुम्ही आणि तुमचे आईवडील उघडे असता. तोच विमा वैयक्तिक करून मिळतो का हे तो बंद व्हायच्या आत विचारा किंवा वेगळा काढा. हप्ते कापले जातात त्या खात्यात दोन महिन्यांचे पैसे ठेवून मगच निघा. पीएफला हात लावू नका. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर आपल्या यूएएन नंबरनं आपल्याला भरता येते, एवढं लक्षात असू द्या.

कधी जायचं ते त्यांच्या सोयीनं ठरवा. रिकामे तुम्ही आहात, ते नाहीत. जूनमध्ये मिरगाचा पाऊस पडला की घरातलं प्रत्येक माणूस पेरणीत असतं आणि बी-खताच्या पैशांची ओढाताण चाललेली असते. त्या दिवसांत पाव्हणा म्हणून जाऊन पंख्याखाली बसलात तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही, मागून बोलतील. सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची काढणी आणि रास, तेव्हाही तेच. जायचंच असेल तर कामाला हात लावायच्या तयारीनं जा. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडे मित्र असेल तर आधी फोन करा. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी भेटतील. लातुरात ज्या घरी मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारं लेकरू आहे तिथं एप्रिलमध्ये मुक्काम नको, चहा पिऊन उठा. परीक्षा साधारण मेच्या सुरुवातीला असते आणि तोवर त्या घरात टीव्हीसुद्धा लावत नाहीत.

माझं मत विचाराल तर लातूर-धाराशिवकडे येळवस गाठावी. मार्गशीर्षाची अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येते. शहर ओस पडतं आणि झाडून सगळे शेतात. कडब्याची कोप, पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातलं आंबील. भज्जीत किती भाज्या आणि किती शेंगा पडल्या याची त्या दिवशी बायकांमध्ये चढाओढ असते आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. एका शेतात दुपारभर बसलं की वर्षभरात भेटली नसतील एवढी माणसं भेटतात. आंबिलाचा दुसरा गडू पोटात गेल्यावर तुमच्या नोकरीची चौकशी कुणी करत नाही, सगळे पेंगतात. तोवर करतात, ते पुढे येतंच.

लग्न झालेल्या पुरुषांसाठी वेगळी सूचना. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना म्हणजे सासुरवाडीला जावयाला धोंडे, अनारसे, कपडे. नोकरी नसताना तो मान घ्यायला जायचं की नाही, हे बायकोला विचारून ठरवा. स्वतःच्या अकलेनं नको.

रस्ता गोल आखा, नाहीतर आत्या आणि मामा यांच्यामध्येच चार वेळा जाल-याल. पुण्याहून लातूर, तिथून एसटीनं अंबाजोगाई, मग परळी, परळीहून रेल्वेनं परभणी आणि नांदेड, येताना जालना, संभाजीनगर. अंबाजोगाईला रेल्वे नाही, विचारत बसू नका. बीडला अहिल्यानगरकडून रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ पासून येते, पण वेळापत्रक बघून मगच कुणाला ‘पोचतो’ म्हणा. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. रोज गाडीत बसणार असाल तरच तो परवडतो. एकेका घरी तीन दिवस राहणाऱ्यानं साधी तिकिटं काढावीत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे लातूरची मावशी ‘मी पण येते की नांदेडला’ म्हणून पिशवी घेऊन उभी राहू शकते. तिची जागा धरून चाला. आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा. मेमधल्या दुपारी परभणीच्या स्टँडवर उभं राहून बघा, मग कळेल.

आता खरी परीक्षा. निघण्याआधी एक वाक्य ठरवा आणि सगळीकडे तेच बोला. ‘ती सोडली, दुसरीकडे मुलाखती चालू आहेत.’ संपलं. मामाला ‘मीच सोडली’ आणि मावशीला ‘कंपनीनं माणसं कमी केली’ असं सांगाल, तर तुम्ही परभणीला उतरायच्या आत ती दोन्ही वाक्यं फोनवर एकमेकांना भेटलेली असतात. विचारणारे आडपडदा ठेवत नाहीत. पारावर बसलेले आबा सरळ विचारतात, “काढलं का सोडलास?” आणि वर, “मग सध्या काय करूलालास?” यात खवचटपणा असतोच असं नाही, त्यांची ती रीतच आहे. चिडू नका. आणि नवी नोकरी कधी लागणार याची तारीख कुणालाही सांगू नका. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणालात की पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सहा जणांचे फोन.

सल्ले मिळतील. लातुरात क्लास काढ म्हणतील नाहीतर डाळमिल. बीडकडे शेडनेट, जालन्यात बियाणं. ऐकून घ्या, हो म्हणा. मामा तुम्हाला गाडीवर बसवून तालुक्याच्या एखाद्या पुढाऱ्याकडे नेईल, ‘आपला माणूस आहे, मंत्रालयात ओळख आहे.’ जा. तिथं चहा प्या, छापील बायोडाटा द्या, नमस्कार करा. नोकरी लागणार नाही, पण मामाचा शब्द पडला नाही याचं मामाला बरं वाटतं. बायोडाटाच्या चार प्रती त्यासाठी घ्या. लग्न व्हायचं असेल तर या फेऱ्यात स्थळाची बोलणी अजिबात चालू करू नका. ‘पोरगा सध्या घरीच आहे’ हे वाक्य एकदा गावात फिरलं की नोकरी लागल्यावरही ते दोन वर्षं मागं हटत नाही.

देण्याघेण्याचं: मोठं काही नेऊ नका, शोभत नाही आणि परवडत नाही. पुण्याची बाकरवडी प्रत्येक घरी आधीच कुणीतरी आणलेली असते. धाराशिवकडून गेलात तर खव्याचे पेढे घ्या, ते कुणाला नको होत नाहीत. निघताना लेकरांच्या हातावर ठेवायला पन्नास-शंभरच्या नोटा बँकेतून सुट्या करून घ्या. पाचशेची नोट काढून ‘सुटे आहेत का’ विचारणं बरं दिसत नाही. फोन पे तर मुळीच नको. म्हातारी माणसं तुमच्या खिशात नोट कोंबतील, तिकिटाला असू दे म्हणून. नोकरी नाही म्हणून यंदा जरा जास्तच कोंबतील. दारात झटापट करू नका, घ्या आणि पाया पडा.

घरात राहताना पहिल्याच संध्याकाळी विचारा की नळ कधी येतो. लातूर, जालना, संभाजीनगरच्या बऱ्याच भागांत पाणी काही दिवसांआड येतं. नळाच्या आदल्या दिवशी पाव्हण्यानं जीन्स धुवायला काढली तर घरची बाई हसून बादली देते आणि रात्री टाकीत वाकून बघते. मुक्काम दोन रात्रींचा, फार तर तीन. ‘अजून रहा की’ पहिल्यांदा म्हणतात तो आग्रह, दुसऱ्यांदा म्हणतात ती रीत. दुपारी लोळत फोन बघत पडू नका. दळण आणा, आजोबांच्या गोळ्या आणा, लेकराचं गणित घ्या.

व्हिडिओवर मुलाखत ठरली तर त्या दिवशी खेड्यात नको, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मित्राकडे राहा. शेजारी पिठाची गिरणी नाही ना ते बघा. इस्त्रीचा एक शर्ट पिशवीत वेगळा गुंडाळून ठेवा, हेडफोन वायरचा घ्या, दोन कंपन्यांची सिमं घ्या. मुलाखत झाली की कागद मागतात, त्याच दिवशी मागतात, आणि तेव्हा ते फोनमध्ये असायला पाहिजेत. आत्ता, हे वाचता वाचता, फाइल उघडून बघा. पासवर्ड आठवतोय का? मागच्या तीन महिन्यांच्याच स्लिपा आहेत ना, का त्याआधीच्या? बघितलं? मग पुढं वाचा.

बॅग: आधारकार्ड, गोळ्या, चार्जर, टॉवेल स्वतःचा, गमछा, पाण्याची बाटली. वाटेत खायला ज्वारीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस टिकतात. दह्याचा डबा गाडीत नेऊ नका. बाकी काय लागतं ते तुम्हाला कळतं.

येताना एक रिकामी घडीची पिशवी लागतेच. येसर, काळा मसाला, कुरडया, तुरीची डाळ, सगळीकडून मिळणार. लोणच्याला नाही म्हणा, तेल गळतं. पोचल्यावर प्रत्येक घरी फोन. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नका, पुण्याला कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते आणि ट्रॅव्हल्सवाले भाडं वाढवतात. तुम्हाला सोमवारी कुठं हजर व्हायचंय? मंगळवारचं काढा.