कोरियन नूडल्स खायला जाताय ना, मग आधी रस्सा विचारा

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला हेच विचारलंय, की कोरियन नूडल्सच्या कॅफेत जायचंय पण मेनू वाचूनच गोंधळायला होतं, काय मागवू, व्हेज काय मिळेल, त्या काड्यांनी खाता नाही आलं तर काय. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. मला हे खाणं माझ्या भाचीमुळे लागलं आणि आता घरात सगळ्यात जास्त आवडीने मीच खाते, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याचा दिवस वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपण नाशिककर नव्या ठिकाणी मिसळ खायला गेलो की काय विचारतो? रस्सा काळा का लाल, तिखट किती, तर्री वेगळी देता का. मटकी, फरसाण, पापड सगळं नंतर. इथेही तेच करायचं. नूडल्स बहुतेक वेळा गव्हाच्याच असतात, खरा फरक पडतो तो रश्शाने, त्यामुळे मेनूवरची अवघड नावं बाजूला ठेवा आणि ऑर्डर घेणाऱ्या दादाला किंवा ताईला सरळ विचारा, रस्सा कशाचा आहे.

हे विचारायचं कारण चवीच्याही पुढचं आहे. कोरियन घरगुती रश्शाचा पाया बऱ्याचदा सुकवलेल्या बारीक माशांचा असतो, अँचोव्हीचा, सोबत समुद्रातल्या शेवाळाची सुकी पट्टी. दोन्ही पाण्यात उकळतात, मग गाळून मासे काढून टाकतात, म्हणजे बाउलमध्ये मासा दिसत नाही पण रस्सा माशाचाच असतो. आणि आपल्याकडे हॉटेलात व्हेज म्हटलं की पुष्कळदा वरती भाज्या आहेत आणि तुकडे नाहीत एवढाच अर्थ घेतात. आईला घेऊन एका ठिकाणी गेले होते, ती पूर्ण शाकाहारी, मी विचारलं व्हेज आहे ना तर लगेच हो मॅडम व्हेजच आहे, मग स्टॉक कशाचा म्हणून परत विचारलं तेव्हा तो मुलगा आत जाऊन आला आणि म्हणाला चिकन पावडर असते त्यात. आई तोपर्यंत चमचा हातात घेऊन बसली होती. तेव्हापासून मी व्हेज आहे का असं विचारतच नाही, चार वेगळे प्रश्न विचारते: रस्सा किंवा पावडर कशाची, किमचीत फिश सॉस आहे का, वरून अंडं घालता का, आणि पाकिटाच्या नूडल्स असतील तर पाकीट दाखवता का.

किमचीचा प्रश्न तर विसरूच नका. कोबीची लोणच्यासारखी आंबवलेली भाजी, म्हणून सगळे शाकाहारीच समजतात, पण पारंपरिक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस घालतात. व्हेज किमची करता येते आणि आपल्याकडे बरेच जण करतातही, फक्त विचारून घ्यायचं. पाकिटावर आपला नेहमीचा हिरवा ठिपका शोधा, नॉनव्हेजला आता तपकिरी त्रिकोण असतो. एकाच ब्रँडची दोन्ही प्रकारची पाकिटं असतात आणि लांबून सारखीच दिसतात, म्हणून पाकीट हातात घेऊनच बघायचं. टोकबोकी (तिखट-गोड सॉसमधले तांदळाच्या पिठाचे चिवट लांबट तुकडे) मागवली तर त्यात फिश केकच्या, म्हणजे माशाच्या लगद्याच्या, चपट्या पट्ट्या असू शकतात, त्या नको म्हणून सांगा आणि सॉस कशात शिजवलाय तेही विचारा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र फार आशा ठेवू नका. कोरियात बौद्ध मंदिरांच्या जेवणात लसूण, कांद्याची पात असलं काही घालत नाहीत, ती वेगळी आणि फार सुंदर परंपरा आहे, पण साध्या नूडल्सच्या हॉटेलात लसणाशिवाय पान हलत नाही. आणि उपवासाचं म्हणाल तर मावशीने मला खरंच विचारलं होतं, की जापचेच्या त्या काचेसारख्या नूडल्स रताळ्याच्या स्टार्चच्या असतात मग एकादशीला चालतील का, तर नाही चालत, कारण सोया सॉस आणि लसूण त्यात हमखास असतो आणि सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो.

आता नावांकडे येऊ. रामयॉन म्हणजे कोरियात पाकिटातल्या, तळून सुकवलेल्या नूडल्स. हे आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही, कारण आपल्याकडे लोक म्हणतात की पाकीटच फोडून दिलं, हे तर घरी झालं असतं. पण तिकडेही साध्या हॉटेलात पाकीटच फोडतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. १९६३ साली सामयांग कंपनीने तिथलं पहिलं पाकीट काढलं, किंमत १० वॉन. तेव्हा देशात तांदळाची टंचाई होती आणि सरकार लोकांना गव्हाचं पीठ खा म्हणून सांगत होतं, त्या काळात नूडल्स, वाफवलेले पाव वगैरे विकणारी छोटी छोटी हॉटेलं वाढली, त्यांना बुनशिकजिप म्हणतात, बुनशिक शब्दाचा अर्थच पिठाचे पदार्थ. शाळा सुटल्यावर पोरं तिथे जातात, आपल्याकडे कॉलेज रोडला वडापाव खायला जावं तशी. आणि असल्या हॉटेलातल्या बाईला गिऱ्हाईक इमो म्हणून हाक मारतं, इमो म्हणजे आईची बहीण, म्हणजे मावशीच! हे कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं.

कालगुक्सु मेनूवर दिसलं तर पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच मागवावं असं माझं ठाम मत आहे (रश्शाचा प्रश्न विचारून). काल म्हणजे सुरी, गुक्सु म्हणजे नूडल्स. कणीक लाटून घडी घालून सुरीने कापायची आणि रश्शात सोडायची, अजिबात तिखट नाही, पिठाने रस्सा थोडा दाट होतो. आजीच्या हातच्या चकोल्या खाल्ल्या असतील तर पहिल्या घासाला ओळख पटते. त्याचीच बहीण सुजेबी, त्यात कणकेचे तुकडे हाताने तोडून टाकतात, अगदी वरणफळं, फक्त वरणाच्या जागी पातळ रस्सा. आईसाठी नंतर एका ठिकाणी मशरूमच्या रश्शात करून मिळालं, आणि तिने दोन वेळा वाढून घेतलं.

जाजांगम्यॉन दिसायला काळाकुट्ट, सोयाबीनच्या आंबवलेल्या काळ्या पेस्टचा सॉस, इंचॉन बंदरात येऊन राहिलेल्या चिनी लोकांमुळे कोरियात आला. सॉसमध्ये भरपूर कांदा परतलेला असतो आणि बाजूला परत कच्चा कांदा देतात, म्हणजे लासलगावच्या जिल्ह्यातल्या माणसाला घरचंच. मूळ सॉसमध्ये बारीक डुकराचं मांस असतं, त्यामुळे विचारा. याला रस्सा नसतो, खायच्या आधी तळापासून नीट कालवायचं, वरवर खाल्लं तर खाली नुसता सॉस राहतो.

नेंगम्यॉन म्हणजे थंड नूडल्स, कुट्टूच्या पिठाच्या किंवा स्टार्चच्या, बर्फासकट येतात, सोबत व्हिनेगर आणि मोहरी. मूळच्या उत्तर कोरियाच्या प्योंगयांग आणि हामहुंगकडच्या. नूडल्स इतक्या चिवट की टेबलावर कात्री देतात, कापून घ्यायला लाजू नका. आपल्याकडे क्वचितच मिळतात पण एप्रिल-मेच्या उन्हात मेनूवर दिसल्या तर घ्याच. आणि जांची गुक्सु म्हणून एक साध्या रश्शातल्या बारीक नूडल्स असतात, लग्नात करतात, तिकडे लग्नाच्या वयाच्या पोराला विचारतात नूडल्स कधी खाऊ घालणार, जसं आपण विचारतो लाडू कधी देणार.

तिखटाबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त जेवणं इथे वाया जातात. ग्रुपने जायचं, सगळ्यात तिखट पाकीट मागवायचं, व्हिडिओ काढायचा, दोन घासांत डोळ्यांतून पाणी आणि बाकीचं टेबलावर सोडून उठायचं, वर सगळ्यांना सांगायचं की कोरियन खाणं म्हणजे नुसतं तिखट. वाईट वाटतं हो. आपल्याला तर्री पचते म्हणजे हेही पचेल असं समजू नका. मिसळीत तिखट रश्शात पसरलेलं असतं, पाव असतो, दही असतं, लिंबू असतं. बुल्दाकसारख्या (सामयांगचीच तिखट पाकिटं) कोरड्या नूडल्समध्ये सॉस प्रत्येक शेवेला चिकटलेला असतो आणि गोड लागतो, त्यामुळे पहिले चार घास काहीच वाटत नाही, मग एकदम चढतं. साध्या बुल्दाकचा तिखटपणा कंपनी साधारण ४,४०० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं माप) सांगते, दुप्पट आणि तिप्पटवाली पाकिटं वेगळी. २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्कने त्यातली तीन उत्पादनं फार तिखट म्हणून बाजारातून काढायला लावली होती, नंतर काहींवरची बंदी उठवली. माझ्या भाचीने दुप्पटवालं रिकाम्या पोटी खाल्लं आणि रात्रभर पोट धरून बसली. लहान मुलांना तर देऊच नका. पहिल्यांदा चीज किंवा क्रीमवालं घ्या, अर्धा सॉस बाजूला द्यायला सांगा. तोंड भाजलं तर पाण्याने काही होत नाही, तिखट पाण्यात विरघळत नाही, दूध, दही, ताक असलं काही घ्या, नाहीतर साध्या भाताचा घास.

काही ठिकाणी स्वतः शिजवायचं मशीन असतं, सोलमध्ये हान नदीच्या काठी दुकानांत असतात तसं. शेल्फवरून पाकीट घ्यायचं, बिल करायचं, बाउलमध्ये नूडल्स आणि मसाला टाकून मशीनवर ठेवायचं, बटण दाबलं की मोजून पाणी पडतं आणि खालून उकळतं. सूपवाल्या पाकिटाला साधारण ५५० मिली पाणी आणि चार-साडेचार मिनिटं लागतात. मी कायम वेळेच्या अर्धा मिनिट आधी बंद करते कारण टेबलापर्यंत जाईस्तोवर ती शिजतच असतात. मसाल्याची पुडी पहिल्यांदा पाऊणच टाका. अंडं खात असाल तर शेवटच्या मिनिटाला फोडून टाका आणि ढवळू नका, रस्सा गढूळ होतो. बुल्दाकचा प्रकार वेगळा, त्यात नूडल्स शिजल्या की पाणी काढून टाकायचं आणि सात-आठ चमचेच ठेवायचं, मग सॉस, तेव्हा आधी पाकिटाची मागची बाजू वाचा.

बाउल आला की फोटो एकच काढा आणि खायला लागा. रश्शात पडलेल्या नूडल्स दर मिनिटाला फुगतात, दहा मिनिटं गप्पा मारल्या तर गिळगिळीत होणारच, मग हॉटेलला नावं ठेवू नका. याच कारणाने रश्शाच्या नूडल्स पार्सल घेऊ नका, इंदिरानगरहून पंचवटीत पोचेपर्यंत रस्सा संपलेला आणि नूडल्सचा गोळा झालेला असतो. घ्यायच्याच असतील तर रस्सा वेगळा बांधून मागा. जापचे आणि टोकबोकी पार्सलला चालतात.

काड्यांचं असं, की खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवायची, वरची पेनासारखी धरायची आणि फक्त वरचीच हलवायची. टोकं सारखी करून घ्या. कोरियन काड्या स्टीलच्या, चपट्या असतात, निसटतात, म्हणून थोड्याच नूडल्स उचला, खाली चमचा धरा. चमच्याची लाज नाही, कोरियात रस्सा आणि भात चमच्यानेच खातात आणि बाउल टेबलावरच ठेवतात, तोंडाला लावत नाहीत. काटा मागितला तरी चालतो. एकच गोष्ट करू नका, भातात काड्या किंवा चमचा उभा खोचू नका, तिकडे मृतांना नैवेद्य दाखवताना भातात चमचा तसा उभा खोचतात, आपल्या रामकुंडावरच्या पिंडाची आठवण ठेवा म्हणजे का नको ते कळेल. आणि घरच्यांसोबत गेला असाल तर आजी-आजोबांना पहिला घास घेऊ द्या, कोरियन रीतही तीच आहे.

सोबत छोट्या वाट्या येतात, किमची, पिवळा गोडसर मुळा, कधी मोड आलेलं काही, त्याला बान्चान म्हणतात. कोरियात संपलं की परत देतात, पैसे नाहीत, आपल्या मिसळीच्या जादा रश्शासारखं. इथे प्रत्येक ठिकाणी तसं असेलच असं नाही, दुसऱ्यांदा मागायच्या आधी विचारा म्हणजे बिलावर वाद नको. मुळा तिखटासोबत फार छान लागतो.

दोघांत एक रश्शाचं, एक कोरडं आणि एक किंबाप (समुद्री शेवाळाच्या पातळ पापडात गुंडाळलेला भाताचा रोल) पुरतं, शनिवार-रविवारी संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची गर्दी असते म्हणून दुपारी साडेबाराला जा. ज्यांना बीपी आहे त्यांनी रस्सा सोडून द्या, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि सगळा रस्सा प्यायला तर त्यातलं बरंचसं एकाच बाउलमध्ये होतं. बाकीच्यांनी नूडल्स संपल्या की एक छोटी वाटी भात मागवा, गरम नको, गार झालेलाच, तो उरलेल्या रश्शात टाका, दोन मिनिटं तसाच राहू द्या आणि चमच्याने खा. कोरियात असंच संपवतात. माझ्या आईला काड्यांनी खाणं आजही जमत नाही पण हा शेवटचा भात ती कोणाला देत नाही.