ड्राइव्ह लावल्यावर मोटर जळत होती : माझा अनुभव

आमच्या फाउंड्रीत धूळ खेचणाऱ्या ब्लोअरला ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी) लावला आणि २० एचपीची जुनी मोटर सारखी जळायला लागली. करंट नेमप्लेटवरच्या आकड्याच्या आत, बेअरिंग ठणठणीत. वाइंडिंगवाल्याचं एकच पालुपद : "साहेब, लोड जास्त पडतोय."

पण लोडनं जळालेलं वाइंडिंग सगळीकडून काळं पडतं. इथे लीडजवळच्या (बाहेरून वीज येते त्या टोकाच्या) पहिल्या कॉइलचे चार वेढे भाजलेले, बाकी तांबं नव्यासारखं.

ड्राइव्हमधले आयजीबीटी, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, डीसी बसचे (ड्राइव्हच्या आत एसीचं डीसी होऊन साठतं तिथले) सुमारे ५८५ व्होल्ट ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास चालू-बंद करतात. व्होल्टेजची ही लाट केबलमधून जाऊन मोटरच्या टर्मिनलवर आपटून मागे फिरते. केबल लांब असली की तिथे जवळपास दुप्पट, म्हणजे ११००च्या वर व्होल्टेज चढतं, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या वेढ्यांवरच पडतो. आमची केबल ८० मीटर! मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मात्र दरवेळी चांगलंच रीडिंग द्यायचा. तो तार ते बॉडी मोजतो, वेढ्या-वेढ्यांमधलं त्याला दिसत नाही.

केबल तोकडी करायला ड्राइव्हचं पॅनेल मोटरजवळ न्यायचं तर तिथे धूळ. म्हणून ड्राइव्हच्या आउटपुटलाच डीव्ही-बाय-डीटी फिल्टर (व्होल्टेजची चढण मंद करणारा) बसवला. मोटर इन्व्हर्टर ड्युटी तारेनं (ड्राइव्हचे असे झटके सोसणाऱ्या इन्सुलेशनच्या) भरून घेतली, व्हॅक्यूम वार्निशसकट. कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ते स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात ते, १२ वरून ४ किलोहर्ट्झवर आणली. मोटर आता जरा किणकिणते, पण फाउंड्रीत ते ऐकतंय कोण? फिल्टर घेताना त्याची कॅरिअर मर्यादा आणि केबलची लांबी तेवढी बघून घ्या.